वजूचा लोटा

शहापूर म्हणजे धरणांचा तालुका. १८९२ साली पूर्ण झालेलं तानसा धरण इथलंच, भातसाही इथलंच. शेजारच्या मुरबाडमध्ये बारवी. हे पाणी मुंबईला आणि आसपासच्या शहरांना, कारखान्यांना जातं. आणि उन्हाळा लागला की इथल्याच कितीतरी गावपाड्यांतल्या बायका हंडे मांडून टँकरची वाट पाहतात. अशा भागात मुलांना पाण्याची किंमत कोण शिकवणार?

शाळेत पर्यावरण हा विषय आहेच, पण तो मार्कांपुरता. मला वाटतं, आमच्या मुस्लिम मुलांच्या बाबतीत हे काम मकतब अधिक चांगलं करू शकेल. मकतब म्हणजे शाळेच्या आधी किंवा नंतर भरणारा धर्मशिक्षणाचा वर्ग. तिथे मूल सुरुवातीलाच वजू शिकतं, म्हणजे नमाजाआधी हात, तोंड, पाय धुणं. पैगंबरसाहेब एक ‘मुद’ पाण्यात वजू करत, असं हदीसमध्ये आहे. मुद म्हणजे जेमतेम पाऊण लिटर! वाहत्या नदीकाठी असलात तरी पाणी वाया घालवू नका, अशीही शिकवण आहे.

मुलांना हे सांगितलं जातं, पण वजू संपेपर्यंत नळ धो धो सुरूच असतो. ऐकणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं. म्हणून मकतबमध्ये प्रत्येकाच्या हाती लोटा द्यावा. वजूचं पाणी गटारात न सोडता आवारातल्या झाडांना घालावं. लावलेल्या झाडाचं फळ पाखरानं खाल्लं तरी लावणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, हे सांगून पावसाळ्यात मुलांकडून रोपं लावून घ्यावीत. इंडोनेशियात २०१४ साली उलेमांच्या परिषदेने वन्यप्राण्यांच्या बेकायदा शिकारीविरुद्ध फतवा काढला. मग आपल्या मौलानांना एवढं का जमू नये?

कुणी म्हणेल, पोरांच्या लोट्याने धरण भरणार आहे का? नाही भरणार. पाणीवाटपाचा जाब सरकारला विचारावाच लागेल. पाण्यावर सर्वांचा हक्क आहे, हेही हदीसच सांगते. पण नळ सोडून देतो तो मुलगा आणि हंडा वाहते ती त्याची आई नाहीतर बहीण. लोट्याने वजू करणाऱ्या मुलाला निदान त्या हंड्याचं वजन तरी कळेल.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांचा सबक कुठवर आला हे मकतबमध्ये विचारायला जाल, तेव्हा नळाचंही विचारा. त्यात संकोच कसला?