अंगठा जुळेना!
“जीव वाचतोय ना? मग हातांचं काय घेऊन बसलात!” असं म्हणणाऱ्या समस्त शेजाऱ्यांशी माझं भांडण आहे. आमची ही कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घेते. तळहात लाल झाले, सोलले, बोटांवरच्या रेषाच पुसल्या. वीस वर्षं मी जगाचे अंगठे घेतले. आता माझ्याच काउंटरवरचं यंत्र म्हणतं, ही बाई ती नव्हेच! शेजारी म्हणाले, लिंबू चोळा. अहो, ते हात आहेत, पितळी भांडी नव्हेत! दिल्लीच्या ‘एम्स’ची २०२४ ची चाचणी सांगते : डायक्लोफेनॅकचं जेल लावणाऱ्यांपैकी ३.८ टक्क्यांना हा त्रास वाढला, औषधाविना जेल लावणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना. तेव्हा लिंबू सरबतात पिळा, हात डॉक्टरांना दाखवा. हात बिघडले की गोळ्याही थांबवाव्या लागतात. मग जीव काय लिंबाने वाचवणार?