धडे मोफत आहेत, बसायला वेळ कोण देणार?

'घरबसल्या मोफत शिका' अशा जाहिराती आता सर्वांच्याच मोबाइलवर येतात. त्यातल्या फसव्या बाजूला ठेवल्या तरी जे खरे आहे तेही थोडे नाही. अमेरिकेतील एमआयटी संस्थेने आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर खुले करण्याचे २००१ साली जाहीर केले. आपल्याकडे आयआयटींनी २००३ मध्ये 'एनपीटेल' सुरू केले, २०१७ मध्ये केंद्र सरकारचे 'स्वयम्' आले. शिकण्याचे पैसे नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते.

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या कामाचा म्हणून आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम मला सर्वांत जवळचा वाटतो. धडे छोटे, साधारण दहा मिनिटांचे. पडद्यावर इंग्रजी असले तरी अनेक धड्यांत समजावणारा आवाज मराठीत मिळतो. लिब्रेऑफिस कॅल्क शिकून उधारीची वही आणि जीएसटीचा हिशेब मांडता येतो. इंकस्केपवर भरतकामाची नक्षी किंवा मालाचे लेबल काढता येते. ही दोन्ही सॉफ्टवेअरसुद्धा मोफतच आहेत.

मग अडते कुठे? २०११ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी संगणकशास्त्राचा एक वर्ग इंटरनेटवर खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे नोंदवली, शेवटपर्यंत पोचले सुमारे २३ हजार. मालेगाव-भिवंडीत बारा तासांची पाळी करून घरी आलेला मुलगा रात्री एकटा किती दिवस टिकेल? शिवाय मोबाइलवर धडा पाहता येतो, पण हात बसायला संगणकच लागतो. उस्तादाकडे शागीर्द टिकतो, कारण चूक होताच उस्ताद तिथल्या तिथे हात धरतो. व्हिडिओ हात धरत नाही.

आणि खरे बोलायचे तर काही मालकांनाच हे नको असते. पोरगा शिकला की काम सोडून जाईल, ही भीती. जाईलही एखादा. पण तेवढ्यासाठी आपला हिशेब वर्षानुवर्षे बाहेरच्या माणसाच्या हाती ठेवायचा का? घरात बसून भरतकाम करणाऱ्या आपल्या बहिणींचा तर कुणी विचारच करीत नाही. नक्षी त्यांच्या बोटांत आहे, पण ती कागदावर उतरवून विकतो दलाल.

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी असरनंतर दोन तास जमातखान्याची एक खोली उघडावी, दोन-तीन जुने संगणक ठेवावेत. धडे आधीच उतरवून घेता येतात, त्यामुळे तिथे इंटरनेट नसले तरी चालते. बहिणींसाठी वेगळी वेळ ठेवावी. बी.कॉम. झालेला समाजातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी अडलेल्याला सांगायला बसवावी, आणि त्यांना मानधन द्यावे, सवाबाच्या नावावर फुकट राबवू नये. परीक्षेचे शुल्क ज्याला झेपत नाही त्याचे बैतुलमालने भरावे. व्यापारी संघटनांनी पुढच्या बैठकीत एवढा खर्च मांडून तर पाहावा.