फुकटच्या ठोकळ्यांची कैफियत

आमच्या मेहुण्यांचं एक आवडतं वाक्य आहे : “फुकट मिळतं त्याला किंमत नसते.” हे वाक्य ते आमच्या घरी, आमच्या सोफ्यावर बसून, आमच्या पोह्यांची तिसरी बशी हातात असताना म्हणतात.

परवा निमित्त झालं टेट्रिसचं. रविवारच्या दुपारी मी मोबाइलवर ठोकळे रचत बसलो होतो. मेहुणे म्हणाले, “भाऊजी, चाळिशी उलटली तुमची. हा काय पोरखेळ? केवढ्याला घेतलात?”

“फुकट.”

“मग बरोबर!” असं म्हणून त्यांनी आपल्या बहिणीकडे जी नजर टाकली, तिच्यात पंधरा वर्षांपूर्वी स्थळ बघताना झालेल्या चुकीची कबुली होती.

मी कॉमर्सचा पदवीधर. किंमत आणि मूल्य यांतला फरक तीन वर्षं घोकलेला. (दुसऱ्या वर्षी कॉस्टिंगनं दगा दिला, पण तो विषय वेगळा.) तेव्हा उत्तर देणं आलंच. तोंडावर सुचलं नाही, म्हणून लेखी देतो. बँकेत तरी तोंडी कुठं काय चालतं?

हा खेळ १९८४ साली मॉस्कोत जन्मला. अलेक्सी पाजितनोव्ह हे सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात नोकरीला. म्हणजे आमच्यासारखेच पगारदार. समोरच्या ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ नावाच्या यंत्राला चित्र काढता येत नव्हतं, म्हणून त्यांनी कंसाची चिन्हं शेजारीशेजारी मांडून ठोकळे केले. चार-चार चौकोनांचे सात आकार, बस्स. पुढं वदीम गेरासिमोव्ह या सोळा वर्षांच्या शाळकरी पोरानं तो आयबीएम पीसीवर आणला, आणि मग फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो मॉस्कोभर पसरला. जाहिरात नाही, दुकान नाही, ‘एकावर एक फ्री’ नाही. पहिलाच फ्री!

माझ्यापर्यंत तो असाच आला. बी.कॉम.ला असताना कॉम्प्युटरच्या क्लासला जात होतो. क्लासनं फी घेतली आणि पहिला महिना ‘माउस हळू धरा’ एवढंच शिकवलं. शेजारच्या बाकावरच्या मुलानं एक फ्लॉपी दिली, पैसे घेतले नाहीत. त्या फ्लॉपीपायी मी कीबोर्डला भ्यायचा थांबलो. आज काउंटरवर माझी बोटं चालतात ती फीमुळे, का त्या फ्लॉपीमुळे? मेहुण्यांनीच हिशेब करावा.

मेहुणे यावर काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. “पण त्या रशियनाला काय मिळालं?” हा मात्र खरा प्रश्न आहे, तो टाळून चालणार नाही. सुरुवातीची कितीतरी वर्षं काहीच मिळालं नाही. हक्क सरकारकडं गेले. १९८९ साली निन्टेन्डोच्या गेमबॉयबरोबर टेट्रिस जगभर गेला, त्या एका यंत्रावर त्याच्या साडेतीन कोटींच्या आसपास प्रती खपल्या. कर्त्याच्या खात्यात शिल्लक शून्य. १९९६ साली हक्क परत आले तेव्हा कुठं जमेच्या बाजूला आकडा उमटला. पाजितनोव्हनी मोठं मन करून खेळ वाटला असंही मी म्हणत नाही. त्यांना तो खासगीत विकायची सोयच नव्हती. पण पैसा अडला तो करारांत आणि सरकारी फायलींत. फ्लॉपी देणाऱ्या-घेणाऱ्यांनी तर खेळ माणसांपर्यंत नेला. ती माणसं वेडी झाली नसती तर व्यापारी मॉस्कोचं विमान पकडायला धावले असते का? फुकट वाटणाऱ्याला चोर म्हणायचं आणि मधल्यामध्ये हात ओले करणाऱ्याला उद्योजक, ही कुठली बुककीपिंग?

मी इतका का तापतो, तेही सांगून टाकतो. आठेक वर्षांपूर्वी मी मुदत ठेवींच्या व्याजाचा एक तक्ता एक्सेलमध्ये तयार केला. रक्कम घाला, तारीख घाला, आकडा हजर. शेजारच्या टेबलाला दिला, त्यानं दुसऱ्या शाखेला दिला. दोन वर्षांनी तोच तक्ता फिरत-फिरत माझ्याकडं परत आला. वर दुसऱ्याच कुणाचं नाव, खाली ‘कॉपी करू नये’ अशी तंबी! रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर एक नवी मुलगी तोच तक्ता उघडून एका आजोबांना व्याज समजावून देत होती, आणि आजोबा चक्क समजल्यासारखी मान हलवत होते. नावाचा राग अजून गेलेला नाही. तक्ता दिल्याचा पश्चात्ताप मात्र शोधूनही सापडला नाही.

राहिला ‘वेळ फुकट जातो’ हा मुद्दा. जातो. वाकड्या तुकड्यांची एक विशिष्ट माळ लागली तर कितीही हुशार खेळाडू हरणारच, हे गणितज्ञांनी सिद्ध केलेलं आहे. मार्चअखेर काउंटरवर बसणाऱ्याला ते सिद्ध करून दाखवावं लागत नाही.

ही कैफियत मी मेहुण्यांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत. पोहे संपवून, “बघू तरी काय आहे,” म्हणत मोबाइल तेवढा मागून घेतला.

रात्री साडेअकराला हॉलमधून हाक आली.

“भाऊजी, ती उभी काठी कधी येते हो?”