रांजणातली बुळबुळ आणि न भरणारी जखम

करमाळा तालुक्याच्या एका अंगाला उजनीचा फुगवटा आहे. तरी उन्हाळ्यात कितीतरी घरांना रांजण आणि ड्रम भरून ठेवल्याशिवाय भागत नाही. असे पाणी चार-सहा दिवस राहिले की भांड्याच्या आतून हात फिरवून पाहा. बोटांना बुळबुळ लागते. आपण म्हणतो, शेवाळ धरले. पण शेवाळाला उजेड लागतो. झाकलेल्या अंधाऱ्या ड्रममधली बुळबुळ ही बहुतेक वेळा जंतूंची वस्ती असते. शास्त्रज्ञ तिला बायोफिल्म म्हणतात.

पाण्यातले सुटे जंतू भांड्याला चिकटतात, चिकट रस सोडतात आणि त्याच्या आड थरावर थर करून राहतात. औषध आले की वरचे मरतात. तळाशी अन्न कमी पोहोचते, म्हणून तिथले जंतू जणू झोपलेले असतात. आणि बहुतेक प्रतिजैविके वाढत्या जंतूंवरच चांगली चालतात. औषध थांबले की वाचलेले पुन्हा वाढतात.

हॉलंडमधील लेवेनहूक हा कापडाचा व्यापारी. १६८३ साली त्याने दातांवरचे कीट स्वतः घडवलेल्या भिंगाखाली पाहिले, तर आत जीव वळवळत होते. व्हिनेगरने चूळ भरूनही थराच्या आतले जीव मेले नाहीत, हेही त्यालाच दिसले.

यातून आपण काय घ्यावे? भांडे नुसते विसळून क्लोरीनचे थेंब टाकू नयेत. थेंबांचा जोर त्या थरातच खर्ची पडतो. आधी काथ्याने घासावे, उन्हात वाळवावे, मग पाणी भरून थेंब टाकावेत. दातांचेही तेच: चूळ पुरत नाही, घासावेच लागते.

साखरेच्या आजारात पायाची जखम महिनोन् महिने भरत नाही, तेव्हाही पुष्कळदा हाच थर आत असतो. डॉक्टर मेलेले मांस काढायचे म्हणतात आणि घरचे घाबरतात: "गोळ्या चालू आहेत, मग कापायचे कशाला?" कापायचे ते यासाठीच, की गोळी त्या थरात पुरती पोहोचत नाही. घरी मात्र ब्लेड लावू नये. घरात कुणाला लघवीची नळी असेल, तर ती कधी बदलायची ते दवाखान्यात विचारून तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. आणि बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत.

म्हाताऱ्यांच्या पायाला जखम दिसली, तर मजुरीचा एक दिवस बुडवून दवाखाना गाठा. दिवस पुन्हा मिळतो, गेलेला पाय मिळत नाही.