चामड्याला हात, पण आपल्या मर्जीनं

दोस्तहो, गोष्ट तशी चिल्लर आहे. आमच्या सावंगीत (मेघे) मी मामाच्या ट्रकच्या सीटचं फाटकं कापड काढलं आणि स्वतःच्या हातानं चामडं चढवलं. दुकानात टाकलं नाही, कारागीर लावला नाही. आठ दिवस घालवले, ड्रायव्हरची आणि क्लीनरची, दोन्ही सीटा नव्या झाल्या.

एवढ्यावरून वस्तीत दोन पक्ष पडले. पहिला आपल्याच पोरांचा : 'बाबासाहेबानं सोडाले लावलं, तू पुन्हा धरून ऱ्हायला का बे?' दुसरा शहाण्यासुरत्यांचा, समाजकल्याणी सुरातला : 'वा! परंपरागत कला आहे तुमच्या हातात. कर्ज काढा, धंदा टाका.' पहिल्यांनी शिवी दिली, दुसऱ्यांनी शाबासकी. मला दोन्हींचा सारखाच राग आला. कारण सीट कोणीच पाहिली नाही, हात कोणीच पाहिला नाही. दोघांनीही पाहिली ती जात.

म्हणून हे लिहितो आहे. आधी काम सांगतो, मग राजकारण. काम न करता राजकारण बोलणारे आपल्याकडे ढिगानं पडलेत.

विदर्भातल्या मे महिन्यात जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून बघा. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि बुडाशी इंजिन. २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या ड्रायव्हरांनी काय करायचं? कापडाची सीट घाम पिते, धूळ पिते, डिझेल पिते. काही दिवसांत तिचं पोतेरं होतं. बाजारात 'लेदर' म्हणून गळ्यात मारतात ते बहुतेक रेक्झिन. ओळखायची खूण सोपी आहे, पाठ उलटून बघ. रेक्झिनच्या पाठीला कापड चिकटवलेलं असतं, चामड्याच्या पाठीला तंतूंची लव असते. चामडंही उन्हात तापतं, त्याला अधूनमधून तेल-मेण लावावं लागतं, नाहीतर तडकतं. पण ते पुसता येतं, उसवलं तर शिवता येतं, आणि राखलं तर कापडाला कधीच मागं टाकतं.

काम असं. बॅटरीची वायर सोडायची, नट खोलून सीट बाहेर काढायची. (ज्या गाडीच्या सीटमध्येच एअरबॅग असते तिला घरी हात लावू नये. तिची शिवण ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी उसवावी अशीच घातलेली असते. आमच्या ट्रकला ती भानगड नाही.) खालून खोळ लोखंडी कड्यांनी तारेला अडकवलेली असते. पकडीनं एकेक कडी तोडायची. खोळ ओरबाडायची नाही. ब्लेडनं शिवण उसवायची, तुकडे वेगळे करायचे, प्रत्येकावर नंबर टाकायचा. तोच नव्या खोळीचा नकाशा. तुकडा चामड्याच्या पाठीवर ठेवून खडूनं आखायचा, शिवणीला अर्धा इंच सोडायचा. कातडं सगळीकडं सारखं नसतं. जनावराच्या पाठीचा भाग घट्ट, पोटाचा सैल, ताणणारा. म्हणून बसायची जागा पाठीच्या भागातून कापायची, बाजूच्या पट्ट्या पोटाकडून. दोरा जाड, नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा. सुती दोरा घामानं कुजतो. टाका लांब, इंचाला सहा-सात. जास्त जवळ घातला तर चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं भोकाभोकांवरून फाटतं. घरचं शिलाई मशीन इथं चालत नाही. जाड काम शिवणारं मशीन पाहिजे, नाहीतर आरी आणि दोन सुया. कापडात सुई चुकली तर भोक मिटतं. चामड्यात मिटत नाही. म्हणून आधी डोकं, मग आरी. बसकलेला फोम अगोदर बदलायचा, नाहीतर नवं चामडं जुन्या खड्ड्यात सुरकुततं. शेवटी खोळ तासभर उन्हात ठेवायची, मऊ पडली की मधून कडेकडे ओढत चढवायची आणि नव्या कड्या आवळायच्या.

हे मला कोणत्या पुस्तकानं शिकवलं नाही. वर्ध्याच्या रस्त्यावर पेटी मांडून बसणाऱ्या एका चांभार काकांनी शिकवलं. रापी कशी धरायची, कड कशी पातळ करायची, टाका कुठं आवळायचा आणि कुठं सोडायचा. चार संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसलो आणि त्या चार संध्याकाळचे पैसे मोजून दिले. ते नको म्हणत होते. मी म्हटलं, काका, फुकट शिकवलेल्या विद्येची या देशात विद्या म्हणून किंमत होत नाही, घ्या.

आता पहिल्या पक्षाच्या दोस्तांना विचारतो. 'जातीवर गेला' म्हणता, कोणत्या जातीवर? गावगाड्यानं एका मेलेल्या जनावराचे तीन वाटे केले होते. ओढायचं महारानं, कमवायचं ढोरानं, शिवायचं चांभारानं. आणि तिघांनी एकमेकांच्या घरी जेवायचं नाही, एकमेकांची पोरगी करायची नाही. माझ्या आज्यानं ढोरं ओढली, पण आरी हातात धरली नाही. धरू दिली नसती. म्हणजे मी सीट शिवली ती माझ्या जातीच्या कामाबाहेर जाऊन शिवली. मग तुम्हाला घाण कशाची आली? चामड्याची? की चांभाराची? खरं बोला. 'चांभारकी' हा शब्द तुम्ही ज्या तोंडानं उच्चारता, त्याच तोंडानं वरचे लोक आपल्याला 'महारडा' म्हणत आले. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. प्रत्येकाला खाली बघून थुंकायला एक पायरी ठेवलेली. आपण बुद्धाकडं आलो आणि ही पायरी तेवढी बरोबर घेऊन आलो काय?

आणि कापडाचं तरी काय? विदर्भातले महार जाडंभरडं कापड विणायचे. गिरणीच्या मालानं ते माग बसवले. मग विणकरांची पोरं गिरण्यांच्या दारात उभी राहिली. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं अस्पृश्याला मज्जाव. का? तर कांडीचा दोरा तोंडानं ओढावा लागतो, अस्पृश्याच्या थुंकीचा विटाळ होईल! वर्गलढ्याच्या गप्पा हाणणाऱ्या पुढाऱ्यांना तो विटाळ दिसत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तो त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. बघा हिशेब. कापड विणायचं होतं तर हात लावू दिला नाही. कातडं ओढायचं नव्हतं तर हात लावायला भाग पाडलं. कापड पवित्र नाही, कातडं अपवित्र नाही. कोणी कशाला हात लावायचा हे ठरवणारा तिसराच आहे. भांडण त्याच्याशी आहे.

बाबासाहेबांचं म्हणणंही तेच होतं. १९२७ ला महाडात त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. पुढं माणसं ढोरं ओढणंही सोडू लागली तेव्हा गावोगाव बोंब उठली. 'केसरी'त कोणीतरी हिशेब मांडला की मांस, कातडं, शिंगं, खूर, हाडं यांतून अस्पृश्यांना वर्षाला मोठी कमाई होते आणि आंबेडकर आपल्याच लोकांचं नुकसान करतात. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी हा किस्सा सांगितला. त्यांचं उत्तर असं होतं की एवढा फायदा आहे तर तुम्हीच ओढा, कमाई तुमची, वर ५०० रुपये मी देतो. कोणी पुढं आलं नाही. या उत्तरात चामडं वाईट आहे असं एक अक्षर नाही. फायदा एवढा गोड आहे तर तुझ्या पोराला का नाही, एवढाच सवाल आहे. आजही तो तसाच उभा आहे.

आता आमचा वर्धा. गांधी जिल्हा. १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, मगनवाडीत त्याचं ठाणं. सावंगीकडून शहर ओलांडून नागपूर रस्त्याला लागलं की नालवाडी. तिथं गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. मेलेल्या जनावराचंच कातडं घ्यायचं, गावातच कमवायचं. सवर्ण माणसानं हौदात हात घातला, ही लहान गोष्ट नाही, ती मी लहान करणार नाही. पण फरक पाहा. त्यानं हात घातला तर ती सेवा झाली, प्रयोग झाला, त्याचं नाव झालं. आमच्या आज्या-पणज्यानं जन्मभर तेच केलं तर त्याला गावकुसाबाहेर झोपडं. प्रयोग करणाऱ्याला प्रयोग सोडायची मुभा असते. बलुत्यातल्या माणसाला नसते. म्हणून 'परंपरागत कला' म्हणून पाठ थोपटणाऱ्या दुसऱ्या पक्षाला मी सांगतो, तुमची शाबासकी ठेवा खिशात. जी परंपरा 'नाही' म्हणू देत नव्हती, ती कला नव्हती, वेठ होती. कला हातात होती, परंपरा मानेवर होती.

आणि हे जुनं झालं असं म्हणू नका. ११ जुलै २०१६. गुजरातेत उन्याजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित पोरांना गाडीला बांधून मारलं. ज्या कामाला धर्मानं जुंपलं त्याच कामासाठी धर्माच्या नावानं मारलं! मग तिथल्या दलितांनी मेलेली जनावरं सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर नेऊन टाकली. तुमची माय, तुम्हीच उचला. माझ्या मते त्या एका दिवसात शंभर भाषणांचा अर्थ होता.

आपल्या महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस तीत नाही. माझं चामडं म्हशीचं होतं, पक्क्या बिलाचं. तरी ते सावंगीला आणताना बिल खिशात नाही, हातात धरलं होतं. कार सजवणाऱ्या दुकानदाराला ही भीती वाटत नसेल. बंगलेवाल्याच्या गाडीत चामडं म्हणजे शान, माझ्या पिशवीत तेच चामडं म्हणजे संशय. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीच्या वळणाच्या चपला मिरवल्या. कोल्हापूरचं नाव घेतलं ते इकडं बोंब झाल्यावर. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी ही तऱ्हा. चामडं वर गेलं की त्याची किंमत वाढते. ते शिवणारा हात मात्र खालीच ठेवतात.

तेव्हा दोस्तहो, माझं म्हणणं सरळ आहे. चामड्याला हात लावायला आपण लाजायचं नाही आणि चामड्याला हात लावणं हे आपलं कुळकर्तव्यही मानायचं नाही. कोणतंही काम हाती घेताना तीन प्रश्न विचारायचे. दर कोण ठरवतो? नको म्हटलं तर काय होतं? आणि हेच काम शिकायला वरच्या आळीतला पोरगा माझ्याशेजारी येऊन बसेल काय? दर आपण ठरवत असू, नको म्हणता येत असेल, तर आरी उचला, वेल्डिंगची बंदूक उचला, स्टेथोस्कोप उचला, सगळं सारखं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' येईल. ते 'हो' यावं म्हणून तर चळवळ आहे.

आणखी एक. ज्या काकांनी मला टाका शिकवला त्यांच्यासारखे कारागीर प्रत्येक शहराच्या रस्त्यावर बसले आहेत. आपल्या मोर्चात ते किती असतात, मोजा. आपल्या सभेच्या स्टेजवर किती असतात, तेही मोजा. जाती तोडायच्या म्हणतो ना आपण? मग आधी आपल्या आणि त्यांच्या मधली पायरी उसवा. ओरबाडू नका. शिवणीवर ब्लेड ठेवून, एकेक टाका.

जयभीम.