खाटा मोजून तयारी होत नाही

‘खाटा आणि व्हेंटिलेटर वाढवले की रत्नागिरी पुढच्या साथीला सज्ज’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे अर्धेच पटते. 2020 मध्ये कोविडच्या साथीत सुरुवातीला इथले स्वॅब तपासणीसाठी मिरजेला जात. अहवाल येईपर्यंत संशयिताची खाट अडकून राही. मे महिन्यात चाकरमानी मोठ्या संख्येने गावी परतले आणि हा ताण आणखी वाढला. तेव्हा खरी निकड स्थानिक प्रयोगशाळेची होती.

प्राणवायूचेही तसेच. मिनिटाला 10 लिटर लागणाऱ्या रुग्णाला 7 घनमीटरचा जम्बो सिलिंडर 12 तासही पुरत नाही. असे 20 रुग्ण असतील तर दिवसाला 40 हून अधिक सिलिंडर लागतात. ऐन पावसात दरड कोसळून घाट बंद झाला तर ते आणायचे कुठून? 22 जुलै 2021 च्या महापुरात चिपळूणच्या कोविड केंद्रात वीज गेली आणि रुग्ण दगावले. खाटा होत्या, यंत्रेही होती.

उलट जीव वाचवणारे सगळेच महाग नसते. डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे ब्रिटनमधील चाचणीत जून 2020 मध्येच दिसले. पण ते कुणाला, कधी द्यायचे हे ठरवायला प्रशिक्षित माणूस लागतो.

म्हणून खाटा जरूर वाढवा. पण त्याआधी परिचारिका आणि तंत्रज्ञांची रिक्त पदे भरा, जनरेटर व प्राणवायू संयंत्र पूररेषेच्या वर न्या आणि दर मे महिन्यात त्यांची चाचणी घ्या.

— एक वाचक, रत्नागिरी