हृदयशस्त्रक्रियेनंतरचा परदेशप्रवास आणि विमा

उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्या अनेक घरांत परदेशी जाण्याचे बेत ठरतात. कोणाची कन्या न्यू जर्सीत, कोणाचा मुलगा टोरांटोत. हिऱ्यांच्या व्यवहारासाठी अँटवर्पला जाणारेही आहेतच. तिकीट आणि व्हिसा यांची चर्चा चार महिने चालते. विमा मात्र निघण्याच्या आठवड्यात, एजंटाला फोन करून ‘दोघांचा काढून टाका’ एवढ्या शब्दांत उरकला जातो. प्रवाशाची बायपास झालेली असेल किंवा हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवलेला असेल, तर ही घाई फार महाग पडू शकते.

प्रवास विम्याच्या अर्जात पूर्वीच्या आजारांविषयी प्रश्न असतोच. ऑनलाइन अर्जात तर पुष्कळदा ‘मला कोणताही पूर्वीचा आजार नाही’ अशा एका ओळीपुढे खूण करावयाची असते आणि घाईत ती केली जाते. ‘स्टेंट म्हणजे काही ऑपरेशन नव्हे, दोन दिवसांत तर घरी आलो’ असे म्हणणारे सद्गृहस्थ मला वारंवार भेटतात. रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी तर कोणी आजारात धरीतच नाही. विमा कंपनीच्या दृष्टीने मात्र हे सारे पूर्वीचे आजारच होत.

बँकेत शेतजमीन तारण घेताना आम्ही प्रथम सातबारा उताऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना पाहत असू. त्यात बोजा दिसला म्हणजे कर्ज नाकारलेच जाई असे नव्हे. रक्कम कमी होई, अटी वाढत, पण व्यवहार उभा राही. बोजा लपवून कागद पुढे केला असेल, तर मात्र व्यवहाराचा पायाच उखडत असे. विम्याचेही तसेच आहे. हा करार परस्परांच्या संपूर्ण विश्वासावर उभा असतो आणि शरीराची माहिती एकाच पक्षाला असते. म्हणून ती सांगण्याचे दायित्वही त्याच पक्षावर येते. ‘नाही लिहा, कोण विचारतो’ असे सांगणारा एजंट दावा फेटाळला जातो त्या दिवशी आपल्याबरोबर नसतो. अर्जावर सही मात्र आपली असते. परदेशातील रुग्णालय जुने कागद मागवते, छातीवरील व्रण तर कागदांवाचूनही दिसतो.

येथे आणखी एक गैरसमज आहे आणि प्रामाणिक माणसे नेमकी त्यातच सापडतात. आजार अर्जात नमूद केला म्हणजे त्याला संरक्षण मिळाले, असे ते समजतात. वास्तविक सांगणे वेगळे आणि संरक्षण मिळणे वेगळे. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक प्रवास पॉलिसींत पूर्वीचे आजार मूळ संरक्षणातून वगळलेले असतात. काहींत फक्त प्राण धोक्यात आले असता तातडीचा उपचार मिळतो आणि त्यालाही वेगळी, बरीच लहान मर्यादा असते. मुखपृष्ठावर १ लाख डॉलरचा आकडा असला, तरी हृदयविकारासाठी आतल्या पानावर कोणता आकडा आहे, ते पाहावे. प्रश्न एजंटाला तोंडी न विचारता कंपनीला ई-मेलने विचारावा: ‘माझी बायपास अमुक तारखेला झाली आहे, हृदयाच्या तक्रारीमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास कंपनी किती रक्कम देईल?’ लेखी उत्तर जपून ठेवावे. घरचा मेडिक्लेम बहुधा भारतातील उपचारांपुरताच असतो, त्याच्या भरवशावर विमानात बसू नये.

अँटवर्पला, म्हणजे बेल्जियमला जाण्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा दाखवावा लागतो. स्वस्तातली पॉलिसीही ही अट पूर्ण करते आणि व्हिसा मिळतो. परंतु ती अट व्हिसापुरती असते. शिक्का मिळाला म्हणजे हृदयही विम्यात आले, असा अर्थ काढू नये.

अमेरिकेची गोष्ट निराळी. तेथील मुले आईवडिलांसाठी तिकडच्याच कंपनीचा विमा घेतात. त्यात पूर्वीच्या आजाराने अचानक उचल खाल्ल्यास खर्च देण्याचे कलम असते आणि जाहिरात त्यावरच भर देते. त्या ‘अचानक’ शब्दाची व्याख्या वाचावी. त्रास पूर्वसूचनेशिवाय झालेला असला पाहिजे आणि साधारणपणे २४ तासांत उपचार घेतलेले असले पाहिजेत. दोन दिवस छातीत जड वाटत होते, पण मुलीला सुट्टी नाही म्हणून बोललो नाही, असे रुग्णालयात सांगितले आणि ते डॉक्टरांनी टिपून घेतले, तर दावा अडचणीत येतो. सोसत राहणे हा आपल्या ज्येष्ठांचा स्वभाव आहे. परदेशात तो प्रकृतीलाही परवडत नाही आणि खिशालाही. वय वाढते तशी या कलमातील रक्कम घटते, काही पॉलिसींत ते कलमच गळून पडते.

कॅनडात सुपर व्हिसावर जाणाऱ्या आईवडिलांना एक वर्षासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा घ्यावा लागतो. तेथील पॉलिसींत प्रकृती स्थिर असण्याची अट असते. पॉलिसी सुरू होण्यापूर्वीचे ठरावीक दिवस, कोठे ९० तर कोठे १८०, आजारात आणि औषधात बदल झालेला नसावा. येथे मेख अशी की बऱ्याच पॉलिसींत गोळीची मात्रा कमी केली तरी तो बदलच धरतात. निघण्यापूर्वी डॉक्टर ‘आता अर्धीच गोळी पुरे’ म्हणतात, घरात आनंद होतो आणि तेवढ्यानेच स्थिरतेची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. म्हणून प्रवासाची तारीख हृदयरोगतज्ज्ञांना आधीच सांगावी. औषधांत फेरफार करावयाचा असेल तर तो लवकर करून घ्यावा. प्रकृतीसाठी बदल आवश्यकच असेल तर तो केलाच पाहिजे, पण मग तो कंपनीला कळवावा आणि तिकीट पुढे ढकलण्याची तयारी ठेवावी. शस्त्रक्रियेला काही महिनेच झाले असतील आणि कोणतीही कंपनी हृदयाचे संरक्षण देत नसेल, तर माझे स्पष्ट मत आहे की अमेरिकेचा प्रवास लांबवावा. नातवाचा वाढदिवस पुढच्या वर्षीही येतो. तिकडच्या रुग्णालयाचे एक बिल मात्र दुकानाचे खेळते भांडवल गिळू शकते.

सत्य सांगणाऱ्याच्या बाजूने कायदा कसा उभा राहतो, याचे एक उदाहरण मननीय आहे. २००९ साली एक भारतीय प्रवासी विमा घेऊन अमेरिकेस गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरच त्यांना अस्वस्थ वाटू लागले. हृदयविकाराचे निदान होऊन तीन स्टेंट बसवावे लागले. मधुमेह व कोलेस्टेरॉलच्या कारणावरून कंपनीने दावा नाकारला. परंतु मधुमेह त्यांनी अर्जात नमूद केला होता. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अर्जात सांगितलेली प्रकृती तपासून एकदा पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराकडे बोट दाखवून कंपनीला हात वर करता येणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. निकाल मिळाला, पण बारा वर्षांनी. तोपर्यंतचा भार कुटुंबाने कसा वाहावा, हा विचार ज्याचा त्याने करावा.

इतका काळ प्रत्येकाला थांबावे लागते असे नाही. दावा फेटाळला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. तेथे समाधान न झाल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे या दोन्ही ठिकाणी त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. तक्रारीसोबत अर्जाची प्रत जोडावी लागते. म्हणून पॉलिसी हाती येताच भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्यावी आणि शस्त्रक्रियेची नोंद तीत आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचून पाहावे. नसल्यास निघण्यापूर्वी दुरुस्ती करून घ्यावी, मग हप्ता थोडा वाढला तरी चालेल.